लिथियम, रोजची वही आणि स्वमदत गट : वर्षभराच्या वापरानंतर

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार वर (मॅनिया) तर कधी फार खाली (नैराश्य) नेणारा आजार. गेल्या पावसाळ्यात मॅनियाचा मोठा झटका येऊन गेला, काही दिवस दवाखान्यात राहावं लागलं. घरी आल्यापासून ज्या ज्या गोष्टींचा आधार घेतला त्यांच्याबद्दल हे लिहितेय. मत आधीच सांगून टाकते : उपयोगी पडल्या त्या सगळ्या गोष्टी कंटाळवाण्या निघाल्या. गोळी, रक्ततपासणी, ठरलेल्या वेळी झोप आणि आठवड्यातून एकदा गटात जाऊन बसणं. ज्यात काही चमकदार होतं ते पहिल्या दोन महिन्यांत गळून पडलं.

लिथियमपासून सुरुवात करते. जुनं औषध आहे. मॅनियावर त्याचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरने १९४९ साली मांडलं. आपल्याकडे ते आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि महागही नाही. मला धास्ती होती की गोळ्यांनी आपण मठ्ठ होऊ. तसं काही झालं नाही. हसू येतं, राग येतो, सिरियल बघताना डोळ्यांत पाणीही येतं. गेलं ते रात्री दोन वाजता उठून तीन नव्या धंद्यांचे बेत कागदावर मांडणं. त्याची थोडी चुटपुट लागते, खोटं कशाला बोलू? त्या बेतांच्या वेळी फार भारी वाटायचं.

त्रासही आहेत. तहान खूप लागते, वजन वाढलं, आणि हात थरथरतात. मी पतसंस्थेत काउंटरला बसते. नोटांचं बंडल मोजताना सुरुवातीला बोटं अशी हलायची की एका आजोबांनी खिडकीतून विचारलं, "ताई, थंडी वाजतेय का?" डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी औषधात थोडा बदल केला आणि चहा-कॉफी कमी करायला लावली. आता थरथर आहे, पण नोटा मोजण्याच्या आड येत नाही.

या औषधाची खरी कटकट म्हणजे रक्ततपासणी. लिथियमचं प्रमाण कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विषबाधा, मधली पट्टी अगदी अरुंद. साधारणपणे ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या आत ठेवतात, १.५ च्या वर गेलं की धोका. नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचा असतो. मी गोळी रात्री दहाला घेते, म्हणजे रक्त सकाळी दहाला. पण घरी येऊन रक्त नेणारी पोरं उपाशीपोटीच्या साखरेच्या हिशेबाने साडेसहालाच दारात हजर होतात. एका लॅबचा मुलगा तसाच आला, वेळ न विचारता रक्त घेऊन गेला, आणि संध्याकाळी आकडा आला १.३. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. डॉक्टरांनी रिपोर्टवरची वेळ बघितली आणि पुन्हा तपासणी सांगितली. योग्य वेळी दिलेल्या रक्तात सगळं ठीक होतं. तेव्हापासून मी दहा वाजता स्वतः लॅबमध्ये जाते आणि चिठ्ठीवर शेवटच्या गोळीची वेळ लिहायला लावते. थायरॉइड आणि क्रिएटिनिनही अधूनमधून बघावं लागतं, कारण लिथियमचा थायरॉइड आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो.

आता एक गोष्ट आपल्याकडच्या बायकांसाठी मुद्दाम. हरतालिका. दिवसभर पाणीसुद्धा नाही आणि रात्री जागरण. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तातलं प्रमाण चढतं. आणि जागरण म्हणजे बायपोलरवाल्याने मॅनियाला स्वतःहून दिलेलं आमंत्रण. दोन्ही धोके एकाच सणात! डॉक्टरांनी निर्जळी उपवासाला स्पष्ट नाही सांगितलं होतं. सासूबाईंना कसं सांगावं या विचारात मी आठवडा काढला. त्या ऐकून गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पाणी पिऊन पूजा केलीस तर महादेव काय रागावणार आहे? आणि दहा वाजता झोप, आरत्या आम्ही बघतो." उन्हाळ्यातले जुलाब-उलट्या आणि अंगदुखीसाठी आपल्या मनाने घेतलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या यांचंही तेच, त्यांनीही प्रमाण वाढू शकतं. उलट्या-जुलाब, जोराची थरथर, चालताना तोल जाणं, बोलताना जीभ जड होणं असं काही एकत्र दिसलं तर उद्याची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

वही साधी आहे, मुलाची उरलेली. रोज चार नोंदी : किती तास झोपले, मूड उणे तीन ते अधिक तीनमध्ये कुठे, गोळ्या घेतल्या का, आणि दिवसाची एक ओळ. अॅपही करून पाहिलं होतं, पण ते रात्री अकराला 'आज कसं वाटतंय?' म्हणून पिंग करायचं. झोपेच्या वेळी फोन हातात देणारं साधन माझ्या कामाचं नाही, काढून टाकलं. वहीचा फायदा गणपतीनंतर दिसला. झोप सातवरून साडेपाच तासांवर आली होती आणि त्या दिवसांच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'आज एकदम फ्रेश.' मला तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र ती दोन पानं बघूनच भेटीची तारीख अलीकडे ओढली.

गटाबद्दल लिहायला मला जास्त जागा लागणार. महाराष्ट्रात अशा कामाची परंपरा बरी आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात, कॅल्गरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, आणि त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ठाण्याला मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे. या मंडळींमुळे आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत रुजली. आमचा गट यांपैकी कुणाचा नाही, गावातल्या एका ट्रस्टच्या हॉलमध्ये भरतो. सतरंजी, खडखडणारा पंखा, कुणीतरी आणलेली चिक्की. पहिला अर्धा तास शुभार्थी आणि शुभंकर वेगवेगळे बसतात. त्यामुळे माझा नवरा तिकडे माझ्याबद्दल मनसोक्त कुरकुर करू शकतो, आणि मी इकडे त्याच्याबद्दल.

पहिल्या काही वेळा मी तोंड उघडलं नाही. मग एकदा एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांनी सांगितलं, "माझं बिघडायला लागलं की मी पहाटे तीनला उठून कपाट आवरायला घेतो. घरचे खूश असतात, म्हणतात काय सुधारलेत!" सगळे हसले. मी पटकन म्हणाले की माझं साड्यांचं आहे, आवाज चढतो आणि पार्सलं यायला लागतात. दवाखान्यात हीच माहिती 'लक्षणे' म्हणून फाइलमध्ये लिहून घेतली होती, इथे तिला दाद मिळाली. औषधाच्या डोसबद्दल कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, हा गटाचा नियम आहे आणि तो कडक पाळला जातो. एक गृहस्थ 'गोळ्या सोडा, काढा घ्या' सांगायला लागले तेव्हा त्यांना तिथेच थांबवलं गेलं. उणीव एकच : वीस-पंचविशीतली मुलं आली तरी टिकत नाहीत. सगळे काका-काकू बघून त्यांना कंटाळा येत असणार. आणि आजार अगदी उफाळलेला असताना गटात येण्यात अर्थ नाही, तेव्हा डॉक्टरच.

मध्यरात्री जीव घाबरा झाला आणि कुणाला उठवावं कळेना, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. नेहमीच्या डॉक्टरांची जागा तो घेत नाही, पण फ्रिजवर लिहून ठेवण्यासारखा नंबर आहे.

पैशांचं थोडक्यात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. तरी आमच्या विमावाल्यांनी दाव्याला आधी नकार कळवला. त्या कायद्याच्या कलम २१ चा उल्लेख करून लेखी तक्रार केल्यावर दवाखान्याचं बिल मंजूर झालं. दर महिन्याची फी आणि तपासण्या मात्र खिशातूनच जातात, कारण आमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च नाही.

त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. पुढे कधी आजार बळावला आणि आपले निर्णय आपल्याला घेता आले नाहीत तर उपचार कसे हवेत, कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारा माणूसही नेमता येतो. आणीबाणीच्या उपचारांना मात्र ते लागू होत नाही. मी नवऱ्याऐवजी धाकट्या बहिणीला नेमलंय. तो फार लवकर घाबरतो, त्यालाही ते मान्य आहे. बहिणीने अट घातली की झोप सहा तासांच्या खाली गेली की शॉपिंगच्या अॅपचा पासवर्ड तिच्या ताब्यात. दिवाळीच्या तोंडावर तो एकदा तिच्याकडे जाऊन आलाय, आणि एक पैठणी अजून कार्टातच पडून आहे.