उणे २९ ला पडद्यावर नुसत्या रेघा: घरच्या हवामान केंद्राचा एका हिवाळ्याचा अनुभव

ऑक्टोबरच्या शेवटी अंगणात खांब रोवला, आता मार्च संपत आलाय. म्हणजे एक अख्खा हिवाळा या यंत्राने बाहेर काढला आणि मी त्याच्यासोबत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातली यंत्रं बरीचशी एकाच साच्यातली असतात: खांबावर सगळं एकत्र असलेलं युनिट, त्यात तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, वाऱ्याच्या फिरत्या वाट्या, पर्जन्यमापक, वर छोटी सौर पट्टी, आणि घरात भिंतीवर रंगीत कन्सोल. मी जे भोगलं ते यातलं कुठलंही घेतलंत तरी थोड्याफार फरकाने तुमच्याही वाट्याला येईल.

आधी निकाल सांगते. तापमापक आणि वायुभारमापक यांच्यासाठी घ्या. बाकीचं अर्धं यंत्र हिवाळ्यात शोभेचं आहे. आणि कन्सोलवर सूर्य, ढग, हिमकण अशी जी अंदाजाची चित्रं येतात, ती बघूच नका. ती चित्रं फक्त हवेचा दाब चढतोय की उतरतोय यावरून ठरतात. ध्रुवाकडून गारठ्याची लाट येते तेव्हा थंड, जड हवेमुळे दाब वाढतो आणि आकाश निरभ्र होतं. म्हणजे या हिवाळ्यातल्या सगळ्यात जीवघेण्या तीन दिवसांत माझ्या भिंतीवर हसरा पिवळा सूर्य होता.

आता त्याच लाटेतली रात्र. जानेवारीचा मध्य, दोन दिवसांपूर्वी पडलेला ताजा बर्फ, वारा शून्य, आकाश काचेसारखं. आठवडाभर मी याच रात्रीची वाट बघत होते. १ वाजून ५० मिनिटांनी कन्सोलने उणे २६.८ दाखवलं आणि पुढच्या नोंदीला तापमानाच्या जागी तीन आडव्या रेघा. मी टॉर्च, स्टूल आणि बॅटऱ्या घेऊन निघाले. नवऱ्याने पांघरुणातूनच विचारलं, ‘अगं, आकडाच तर आहे, सकाळी नाही का बघता येणार?’ हाच तर मुद्दा आहे, सकाळी तो आकडा राहत नाही!

बॅटरीचं झाकण चार बारीक स्क्रूंनी बसवलेलं. हातमोजे घालून ते फिरत नाहीत आणि काढले तर बोटं अर्ध्या मिनिटात बधिर. एक स्क्रू बर्फात पडला तो पडलाच. नव्या बॅटऱ्या घरातल्या उबेतून आल्या होत्या म्हणून यंत्र चाळीस मिनिटं चाललं, उणे २९.१ पर्यंत गेलं आणि पुन्हा रेघा. त्या रात्रीचं खरं किमान तापमान मला कधीच कळणार नाही. बाहेरचं युनिट नोंदी साठवत नाही, नुसतं घरात पाठवतं. मधला वेळ गेला तो गेला.

साध्या अल्कलाइन बॅटरीतलं द्रावण पाण्याचं असतं, उणे २० च्या खाली ती जवळजवळ मान टाकते. न चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटऱ्या उणे ४० पर्यंत तग धरतात. हे माहितीपुस्तिकेत होतं, मागच्या पानांत, बारीक अक्षरांत. खोक्यात मात्र त्यांनी अल्कलाइनच दिल्या होत्या. आणि सौर पट्टी? तिच्यावर दोन दिवसांपासून बर्फाची टोपी होती. ती झटकायला हवी होती, हा दोष माझा. लिथियम घातल्यापासून एकही खाडा नाही.

यंत्राची मर्यादाही उणे ४० चीच आहे, त्याखाली ते काही दाखवणार नाही. यावरून मला कॅनडाच्या यूकॉनमधलं स्नॅग आठवतं. ३ फेब्रुवारी १९४७ ला तिथल्या तापमापकातलं अल्कोहोल शेवटच्या खुणेच्याही खाली उतरलं. निरीक्षकाने ते जिथे थांबलं तिथे खूण करून ठेवली, तापमापक तपासणीला टोरांटोला गेला आणि आकडा ठरला उणे ६३. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा (ग्रीनलंड सोडून) तो अजून विक्रम आहे. पारा तिथे कामाचाच नव्हता, तो उणे ३९ च्या आसपास गोठतो. रेघा दाखवणाऱ्या कन्सोलपेक्षा काचेची नळी आणि शहाणा माणूस बरा, असं त्या रात्री वाटून गेलं.

पर्जन्यमापकाबद्दल फार लिहीत नाही. त्याला हीटर नाही. बर्फ नरसाळ्यात साचतो आणि मग कधीतरी ऊन पडलं की वितळून आतली भरली की कलंडणारी वाटी टकटक उलटायला लागते. स्वच्छ उन्हात माझ्या अ‍ॅपने ‘आजचा पाऊस १४ मिमी’ अशी नोंद केली.

वाट्यांचं प्रकरण जास्त घातक, कारण चूक दिसत नाही. फेब्रुवारीच्या वादळात गोठणारा पाऊस झाला आणि वाट्या बर्फात जागच्या जागी घट्ट बसल्या. बाहेर झाडं वाकत होती, कन्सोल म्हणत होतं वारा ० किमी. त्यामुळे ‘जाणवणारं तापमान’ही खऱ्या तापमानाइतकंच. उणे २० ला ताशी ३० किमी वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ३३ सारखं लागतं. हा फरक यंत्राने गिळला तर बाहेर जाणारा माणूस फसतो. शिवाय जाणवणाऱ्या तापमानाचं सूत्र १० मीटर उंचीवरच्या वाऱ्यासाठी आहे, माझा खांब २ मीटरचा. म्हणजे वाट्या नीट फिरत असतानाही आकडा जरा सौम्यच येतो.

तापमापक मात्र चांगला आहे, पण तो तपासून घ्यावा लागला. बारीक ठेचलेला बर्फ आणि त्यात मुरेल इतकंच पाणी कालवलं की त्याचं तापमान शून्य असतं. हे युनिट काही त्यात बुडवता येत नाही, म्हणून एक वेगळा जलरोधक प्रोब आधी त्यात धरला, मग तो युनिटशेजारी रात्रभर टांगला. युनिट शून्याजवळ ०.४ अंश जास्त दाखवत होतं, ते अ‍ॅपमधून वजा केलं. दुपारचा घोटाळा असा सुटला नाही. सेन्सरभोवतीची तबकड्यांची पांढरी जाळी वरून येणारं ऊन अडवते, पण जमिनीवर बर्फ असला की ऊन खालून परतून आत शिरतं. वारा पडलेला असेल तर तीन अंश सहज जास्त. तेव्हा दुपारच्या कमाल तापमानाच्या नोंदीपुढे मी वहीत प्रश्नचिन्ह टाकते.

एवढी रडगाणी गाऊनही यंत्र ठेवलंय, ते मॉडेलांमुळे, म्हणजे संगणकावर हवामानाचा अंदाज काढणाऱ्या गणितांमुळे. आम्ही हौशी लोक जीएफएस या अमेरिकन मॉडेलचे दिवसातून चारदा येणारे रन, म्हणजे ताजे अंदाज, बघत बसतो, मध्ये युरोपियन मॉडेल आलं की त्यावर झडप. पण ही मॉडेलं आपल्या अंगणासाठी नसतातच. जीएफएसचा एक चौकोन साधारण १३ किमीचा, युरोपियनचा ९ चा. माझं अंगण खोलगट आहे. वारा नसलेल्या निरभ्र रात्री ताजा बर्फ जमिनीतली ऊब दाबून धरतो, स्वतः मात्र आकाशाकडे उष्णता सोडत राहतो, आणि गार हवा उतारावरून येऊन माझ्याकडे साचते. त्या उणे २९ च्या रात्री जीएफएस उणे २१ म्हणत होतं. याउलट वारं असलं की हवा घुसळली जाते आणि मॉडेल अंशभराच्या आत बरोबर येतं. आता मी अंदाज वाचताना आधी वारा आणि ढग बघते, तापमान शेवटी. पाच महिन्यांच्या नोंदी नसत्या तर हे पुस्तकी ज्ञानच राहिलं असतं.

फेब्रुवारीचं ते वादळ नऊ दिवस आधी जीएफएसच्या एका रनमध्ये राक्षसासारखं दिसलं. एन्सेम्बलचे (तेच मॉडेल सुरुवातीची स्थिती जराजरा बदलून अनेकदा चालवतात, त्याचे) ३१ सदस्य उघडून पाहिले तर तसं म्हणणारे जेमतेम चार. दुसऱ्या दिवशी वादळ गायब, पाच दिवस उरले तेव्हा पुन्हा हजर, आणि या वेळी बहुतेक सदस्य एका सुरात. नकाशे म्हणत होते २५ सेंमी. आदल्या दुपारी वायुभारमापकाची रेघ कलायला लागली आणि अठरा तासांत १०१४ वरून ९८५ हेक्टोपास्कलवर आली. हा सेन्सर घरात कन्सोलमध्येच असतो. दाब आत-बाहेर सारखाच, त्यामुळे त्याला ना थंडी लागते ना बर्फ. अख्ख्या यंत्रातला सगळ्यात न बोलता राबणारा भाग हाच. ती उतरती रेघ बघत मी रात्री दोनपर्यंत जागी होते.

बर्फ पडला ११ सेंमी. खाली खांबावर उणे ३ होतं, पण दीडेक किलोमीटर वर शून्याच्या वरची हवा घुसली होती. हिमकण त्यात वितळले, खाली येता येता काही गोठून टपटपणारे खडे झाले, काही पाऊसच राहिले आणि टेकल्यावर गोठले. नकाशाने मात्र ते सगळं पाणी ‘दहास एक’ या हिशेबाने, म्हणजे १ सेंमी पाण्याचा १० सेंमी बर्फ धरून, रंगवून टाकलं होतं. जमिनीवरचा तापमापक यात काहीच सांगू शकत नाही, तो सगळा खेळ वर चालतो.

बर्फ मोजायला अजूनही पांढरा रंग दिलेली प्लायवुडची फळी आणि पट्टीच लागते, कुठल्याही यंत्राबरोबर ती धरूनच चला. आणि फळी घडी घडी झाडू नका, फार तर सहा तासांनी. साचलेला बर्फ बसत जातो, सारखा झाडला की बेरीज फुगते. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यूला २४ तासांत ७७ इंच नोंदले गेले, पण मोजमापं ठरल्यापेक्षा जास्त वेळा घेतली म्हणून तो राष्ट्रीय विक्रम मानला गेला नाही. मला ११ सेंमीचे १३ करायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या हिवाळ्याआधी सेन्सरवर हवा खेळवणारी पंख्याची जाळी बसवणार आहे, खांब अर्धा मीटर वाढवणार आहे, कारण ६० सेंमी बर्फ साचला की माझा सेन्सर जमिनीशी गप्पा मारायला लागतो. तो हरवलेला स्क्रू परवा बर्फ वितळल्यावर खांबाच्या बुंध्याशी सापडला, गंजलेला.