लढाईच्या काळातलं रोजचं जगणं शोधताना : छापील खंड की मोडीचे रुमाल?

पानिपतच्या मोहिमेत घोड्यांच्या चंदीची सोय कशी होत होती, किंवा शिलेदार, म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा स्वार, परत आलाच नाही तर त्याच्या घरच्यांचं काय झालं, असलं काही शोधायला निघालेल्यापुढे दोन वाटा असतात. छापील साधनं वाचायची, नाहीतर मोडी लिपी शिकून पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे.

छापील खंडांचं मोल मी कमी लेखणार नाही. 1898 साली आलेला, इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आजही हातातून खाली ठेववत नाही. मोहिमेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेल्यांना पैशासाठी, रसदेसाठी पुन्हा पुन्हा लिहितात. ती पत्रं ओळीनं वाचत गेलं की फौजेच्या पोटाला पडत चाललेला चिमटा आपल्यालाही जाणवतो. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड आहेत, त्यातला दुसरा पानिपतचाच. सगळं देवनागरीत, तारखा लावून दिलेल्या. महिन्याभरात लेख लिहायचा असेल तर दुसरीकडे जायची गरजही नाही.

माझं घोडं अडलं ते एका यादीपाशी. एका जुन्या पत्रसंग्रहात छावणीतलं पत्र वाचत होतो. धान्य महागलं, जनावरं खंगली, आणि शेवटी ‘याद अलाहिदा पाठविली आहे’, म्हणजे यादी वेगळी पाठवली आहे, अशा अर्थाची ओळ. मला नेमकी ती यादच हवी होती, आणि ती छापलेलीच नव्हती. पुढे हे वारंवार होऊ लागलं. पत्र आहे, हिशेब नाही. निवड करणाऱ्यांचा दोष म्हणवत नाही, लाखो कागदांपुढे बसलेला माणूस आधी राजकारणच उचलणार. पण सामान्य माणूस पत्रापेक्षा हिशेबात जास्त सापडतो, आणि नेमका तोच गाळला जातो. ही खंत मनातून जाईना, म्हणून मोडी शिकलो.

रुमालांची वाट सोपी नाही, हे आधीच सांगतो. अक्षर ओळखीचं व्हायला मला वर्ष लागलं. बोरू न उचलता ओढलेल्या ओळी, शब्दाशब्दांत जागा नाही. साल सुहूर सनात, म्हणजे त्या काळच्या दफ्तरी कालगणनेत, तेही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1161. वर्ष मृगाला बदलतं, म्हणून इसवी सन काढायला महिना पाहून 599 किंवा 600 मिळवायचे. मिळवले की 1760-61, पानिपतचंच साल! पहिल्यांदा हे जमलं त्या दिवशी आजूबाजूचं भान राहिलं नव्हतं.

आणि मग बालपरवेशी भेटली. चाकरीत पडलेल्या माणसाच्या मुलांना सरकारातून मिळणारी नेमणूक. मी पाहिलेला कागदाचा बंद हातभर लांब, कडा कसरीनं खाल्लेल्या. बापाचं नाव, तो ‘कामास आला’ (मारला गेला) एवढाच शेरा, आणि खाली आईच्या हाती द्यायची रक्कम. लढाईचं वर्णन एका शब्दाचंही नाही. त्या ओळीवर मी अर्धा तास थांबलो होतो. नालबंदी हा शब्दही तिथेच नीट कळला. नाव नालांचं, पण शिलेदाराला मोहिमेआधी मिळणारी ती उचल. ती घरी ठेवून माणूस निघायचा.

तुमचा विषय डावपेचांचा असेल तर छापील खंड पुरतील, कदाचित तेच बरे. लिपीसाठी वेळच नसेल तरीही तेच. पण चूल, चंदी, पगार आणि मागे राहिलेली बायकामुलं हवी असतील तर, माझ्या अनुभवापुरतं सांगतो, रुमालांना पर्याय मला सापडलेला नाही. खंड आधी वाचून जावं, माणसांची नावं ओळखीची झालेली बरी. पहिला रुमाल मात्र पत्रांचा मागू नये, हिशेबाचा मागावा. त्यात तेच तेच शब्द पुन्हा येतात, त्यामुळे हात लवकर बसतो.