जुन्या जीपच्या चासीसाठी पीओआर-१५

विलिस किंवा जुन्या महिंद्रा जीपच्या चासीवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) साधा ऑइलपेंट मारला की दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. पीओआर-१५ हा गंजरोधक रंग हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होतो आणि गंजलेल्या, खरबरीत लोखंडाला घट्ट धरतो. गुळगुळीत, चकचकीत पत्र्यावर मात्र पकड कमजोर, तिथे आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर घासाच.

सगळं यश तयारीत आहे. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, ग्रीस धुवा, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं मेटल प्रेप (रंगाआधी पत्रा तयार करणारं द्रावण) लावून पत्रा किमान १५ मिनिटं ओला ठेवा. पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा. चासीच्या आतल्या पोकळीत पाणी राहतं, ते कॉम्प्रेसरच्या हवेने काढा. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

दोन पातळ थर द्या. दुसरा थर, पहिला बोटाला किंचित चिकटत असतानाच. तो पूर्ण वाळला तर घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. कोकणातल्या दमट हवेत रंग झपाट्याने वाळतो आणि जाड थरात बुडबुडे अडकतात.

उन्हात तो फिकट पडतो, त्यामुळे बॉडीवर टॉपकोट, म्हणजे वरून दुसऱ्या रंगाचा थर, हवाच. चासीखाली गरज नाही. डब्याच्या कडेला रंग लागला तर झाकण कायमचं चिकटतं, म्हणून लागेल तेवढाच वाटीत काढा आणि झाकणाखाली प्लास्टिक घाला. हातमोजे हवेतच, वाळलेला रंग कातडीवरून कशानेच निघत नाही. स्प्रे करायचा असेल तर ताज्या हवेचा पुरवठा असलेला मास्क लागतो, घरी ब्रशच बरा.

भोकं याने बुजत नाहीत. वेल्डिंग आधी उरका.