जीआरई व्हर्बलसाठी अंकी अ‍ॅप आणि पॉवरप्रेप : चार महिने रोज वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, माझ्याकडून अंकीला पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

मी सांगलीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग आणि आता तीन वर्षं हिंजवडीत नोकरी. एमएससाठी जीआरई, म्हणजे परदेशातल्या प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची ठरवली तेव्हा क्वांटचं म्हणजे गणिताचं टेन्शन नव्हतं पण व्हर्बल म्हणजे इंग्रजीचा भाग म्हटला की पोटात गोळा यायचा. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवर पॉवरप्रेप नावाच्या सराव परीक्षेच्या दोन पूर्ण टेस्ट फुकट मिळतात, त्यातली पहिली काहीच तयारी न करता दिली आणि व्हर्बलला १४७ आले. स्केल १३० पासून सुरू होऊन १७० ला संपतं, त्यामुळे १४७ म्हणजे काय ते समजून घ्या. त्या रात्री मी खरंच झोपले नाही.

मग सगळे करतात तेच केलं, क्लास लावला. नाव घेत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी साडेतीन हजार शब्दांची छापील लिस्ट हातात दिली, समोर इंग्रजीत एका शब्दाचा अर्थ, आणि दर शनिवारी त्यावर टेस्ट. दीड महिना मी ती लिस्ट घोकली, शनिवारच्या टेस्टला चाळीसपैकी पस्तीस-छत्तीस यायचे, आणि परत प्रॅक्टिसचे प्रश्न सोडवायला बसले की शब्द ओळखीचा वाटायचा पण वाक्यात बसतो की नाही ते कळायचं नाही. नंतर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना एक फारच जुनं जीआरईचं पुस्तक दिसलं, त्यात विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे, म्हणजे शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे, प्रश्न पानंच्या पानं होते, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी परीक्षेत शब्द सुटे विचारायचे, तिथे लिस्ट घोकून मार्क पडत असणार. पण ऑगस्ट २०११ पासून ते दोन्ही प्रकार काढून टाकलेत. आता टेक्स्ट कम्प्लिशन (गाळलेल्या जागा भरणं), सेंटेन्स इक्विव्हॅलन्स (एकाच जागेसाठी वाक्याचा अर्थ सारखाच ठेवणारे दोन शब्द निवडणं) आणि रीडिंग (उताऱ्यावरचे प्रश्न) एवढंच आहे आणि तिन्हीकडे शब्द वाक्याच्या आतच भेटतो. आपण मात्र अजून सुट्या शब्दांच्याच मागे, हे मला फार चुकीचं वाटतं, कारण मुलांचे महिने जातात त्यात.

तर अंकी. हा जपानी शब्द आहे, अर्थ पाठांतर. फ्लॅशकार्डचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड या नावाने फुकट, आयफोनवर मात्र पैसे भरून घ्यावं लागतं. प्ले स्टोअरवर नावात अंकी असलेली दुसरीही अ‍ॅप दिसतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही, नाव नीट बघून घ्या. काम असं करतं की कार्ड दिसलं, तुम्ही मनात उत्तर दिलं, मग पलटून बघायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी यातलं एक बटण दाबायचं. जे आठवलं ते कार्ड आणखी लांबच्या दिवशी येतं, जे चुकलं ते लगेच परत येतं. २०२३ च्या शेवटी त्यात एफएसआरएस नावाची नवीन पद्धत आली, ती सेटिंगमध्ये चालू केली की कुठलं कार्ड कधी दाखवायचं ते तुमच्या स्वतःच्या विसरण्यावरून ठरतं. मी पहिल्या आठवड्यातच चालू केली.

आता महत्त्वाचं. तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेऊ नका. मी आधी तेच केलं होतं, हजार शब्दांचा डेक, आणि पंधरा दिवसांत कळलं की ही तर क्लासची लिस्टच, फक्त मोबाइलवर. मग तो डिलीट केला आणि स्वतःची कार्डं बनवायला लागले. नियम एकच ठेवला, शब्द प्रश्नात किंवा उताऱ्यात भेटला असेल तरच कार्ड, आणि कार्डावर ते पूर्ण वाक्य, शब्दाच्या जागी गाळलेली जागा. अंकीत याला क्लोझ कार्ड म्हणतात, शब्द सिलेक्ट करून एक बटण दाबलं की झालं. पाठीमागे शब्द, आणि त्याखाली मराठी अर्थ.

हा मराठी अर्थ लिहायची कल्पना आईची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर्ड आहे. फोनवर मी वैतागून सांगत होते की टॅसिटर्न लक्षातच राहत नाही, कमी बोलणारा माणूस, तर ती म्हणाली, "अगं मग घुम्या म्हण की." बस. त्या दिवसापासून टॅसिटर्न कधी विसरले नाही. मग रोज रात्री जेवण झाल्यावर तिला फोन करून पाच-सहा शब्द समजावून सांगायचे आणि ती मराठी शब्द द्यायची. क्वेरुलस म्हणजे किरकिऱ्या. ऑफिशस म्हणजे लुडबुड्या. फॅस्टिडिअस म्हणजे चोखंदळ. व्हॅसिलेट म्हणजे तळ्यात-मळ्यात करणं. डेसल्टरी म्हणजे धरसोड. परफंक्टरी म्हणजे नुसत्या पाट्या टाकणं! सिकोफंट म्हणजे खुशमस्कऱ्या. मला खरंच भरून यायचं, इतके नेमके शब्द आपल्याकडे आहेत आणि आपण समजत होतो की मराठी माध्यमातून आलो म्हणून मागे पडलो. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच पाठ करायचा असं क्लासमध्ये बजावून सांगतात, माझं मत याच्या बरोबर उलट झालंय. जो शब्द लहानपणापासून कानावर पडलाय त्याच्या गळ्यात नवीन शब्द अडकवला की तो पडत नाही.

पण मराठी अर्थ पुरत नाही अशी पण एक जात आहे आणि तिथे सावध राहा. एक म्हणजे फसवे शब्द. इनर्व्हेट ऐकून एनर्जी देणारं वाटतं, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं. रेस्टिव्ह म्हणजे शांत नाही, उलट चुळबुळ करणारा. नॉइसमचा आवाजाशी काही संबंध नाही, घाण वासाचं. डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नाही, निष्पक्ष. दुसरे म्हणजे आपल्याला येतात असं वाटणारे सोपे शब्द, आणि ईटीएस यांच्यावर फार प्रश्न करतं असा माझा अनुभव. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं एवढंच मला माहिती होतं, उताऱ्यात लेखक एखादं विधान क्वालिफाय करतो म्हणजे त्याला अट घालून जरा मवाळ करतो. चेक म्हणजे लगाम घालणं, वाँटिंग म्हणजे उणा, फ्लॅग म्हणजे दमून मंदावणं, पेडेस्ट्रियन म्हणजे अगदीच सामान्य. सँक्शन तर परवानगीही आणि निर्बंधही. या शब्दांसाठी मी वेगळा डेक केला, साधारण नव्वद कार्डं झाली, आणि माझ्या मते माझे सगळ्यात जास्त मार्क तिथून आले.

इन्जेन्युअस आणि इन्जीनिअस मी इतक्या वेळा चुकले की अंकीनेच कार्डावर लीच असा टॅग लावला. डिफॉल्ट सेटिंगला आठ वेळा विसरलं की तो लागतो, लीच म्हणजे जळू, वेळ शोषणारं कार्ड. तेव्हा तेच ते कार्ड रेटायचं नाही, बदलायचं. मी दोन्ही शब्द एकाच वाक्यात घालून नवीन कार्ड केलं, भोळा भाऊ आणि कल्पक बहीण, आणि प्रश्न सुटला.

आता अर्धा मार्क. सुरुवातीला रोज वीस नवीन कार्डं असं सेटिंग असतं आणि उत्साहात ते तसंच ठेवलं तर तीन आठवड्यांनी जुनी कार्डं परत यायची संख्या चढत जाते, माझी १८० वर गेली, ऑफिसचं काम करून ते शक्यच नव्हतं, चार दिवस उघडलंच नाही आणि मग तर डोंगरच. मी नवीन कार्डं दहावर आणली, मग गाडी रुळावर आली. अ‍ॅपमध्ये सेटिंग भरपूर आहेत आणि नवीन माणूस त्यात गोंधळू शकतो, म्हणून अर्धा कमी. कर्वेनगर ते हिंजवडी बसमध्ये मला रोज तासभर तरी लागतो, त्या वेळात सगळी कार्डं होऊन जायची, इंटरनेट नसलं तरी चालतं.

रीडिंगला मात्र अंकी काही करू शकत नाही, तिथे ईटीएसचंच मटेरियल लागतं. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीय, एकूण १ तास ५८ मिनिटं, व्हर्बलचे दोन सेक्शन, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत आणि दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट, आणि साधारण निम्मे प्रश्न रीडिंगचे. पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्यात घाई करून चालत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, काहीही रिकामं सोडू नका. आणि तीन गाळलेल्या जागांच्या प्रश्नात दोन बरोबर आल्या तरी मार्क शून्य.

माझी वाचनाची अडचण शब्दांची नव्हतीच हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आपण निवांत वाक्य संपेपर्यंत थांबतो आणि शेवटी सगळं उलगडतं. त्या उताऱ्यांमध्ये कर्ता पहिल्या ओळीत, मग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये भलं मोठं उपवाक्य, त्यात दोन शास्त्रज्ञांची मतं, आणि मग कुठेतरी क्रियापद, आणि ते आलेलं माझ्या लक्षातच यायचं नाही. मग मी रोज एक उतारा घेऊन फक्त एवढंच करायचे, प्रत्येक वाक्याचा कर्ता आणि क्रियापद शोधायचं, मधलं बोटाने झाकायचं, आणि उतारा झाला की तो मराठीत दोन वाक्यांत मोठ्याने सांगायचा. सांगता आला नाही तर प्रश्नांकडे जायचंच नाही. पहिले आठ-दहा दिवस एका उताऱ्याला अर्धा तास लागला. घाबरू नका, वेग आपोआप येतो.

यासाठी ईटीएसचं व्हर्बलचं अधिकृत प्रॅक्टिसचं पुस्तक घ्या, त्यात दीडशेच प्रश्न आहेत पण प्रत्येकाला उत्तर का बरोबर आणि का चूक ते सविस्तर दिलंय. बाकीच्यांच्या हजार प्रश्नांपेक्षा हे दीडशे दोनदा करा असं मी म्हणेन, कारण चुकीचे पर्याय कसे रचतात ते तिथेच दिसतं. पर्याय चुकीचा असतो तो बहुतेकदा एका शब्दाने, उताऱ्यात ‘कधी कधी’ म्हटलेलं असतं आणि पर्यायात ‘नेहमी’. सेंटेन्स इक्विव्हॅलन्सला सहा पर्यायांत कधी कधी समानार्थी जोडी असते जी वाक्यात बसतच नाही, आणि लिस्ट घोकलेली मुलं नेमकी तिथे अडकतात, मी पण अडकले होते. आधी पर्याय झाकून स्वतःचा शब्द मनात धरायचा, मराठीतला धरला तरी चालतो, मगच पर्याय बघायचे.

पॉवरप्रेपच्या फुकट टेस्टमध्ये स्कोअर लगेच कळतो पण उत्तरांचं स्पष्टीकरण नसतं, ते पैसे भरून घ्यायच्या पॉवरप्रेप प्लसमध्ये असतं. स्क्रीन, घड्याळ, मार्क करून परत येणं, सगळं खऱ्या परीक्षेसारखं, म्हणून दुसरी फुकट टेस्ट शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा, उगाच मधे वाया घालवू नका. माझे तिच्यात १५६ आले आणि प्रत्यक्ष परीक्षेत १५८. एकशे पासष्टवाल्यांना हे काही विशेष वाटणार नाही, मला मात्र ज्या तीन युनिव्हर्सिटीत अर्ज करायचेत तिथे पुरेसं आहे आणि निकाल बघून आईला फोन केला तेव्हा दोघींना बोलताच आलं नाही.

ज्यांची परीक्षा तीन-चार महिने लांब आहे त्यांनी आज दहा कार्डांपासून सुरू करा. ज्यांच्याकडे तीनच आठवडे आहेत त्यांनी अंकीच्या नादी लागू नका, तेवढ्या दिवसांत कार्डं पुरेशी परत येतच नाहीत. ते सोपे वाटणारे फसवे शब्द तेवढे वहीत लिहून काढा आणि राहिलेला सगळा वेळ त्या दीडशे प्रश्नांना द्या.