जेट बोटीचा पंप पहिल्यांदाच खोलला: किटला अडीच स्टार, ओझरच्या काकांना पाच

आधीच सांगतो, मी बोटवाला नाही, मी द्राक्षवाला. दिंडोरी साइडला बाग आहे, आणि पंप म्हणलं की विहिरीवरचा मोनोब्लॉक, बागेवर औषध फवारायच्या ब्लोअरचा एचटीपी (जास्त दाबाचा पंप) आणि बोअरमधली सबमर्सिबल, एवढ्यावर माझं ज्ञान संपतं. पण आमच्या दाजींनी दीड वर्षापूर्वी कोकणातून एक सेकंडहँड जेट बोट उचलली आणि घरात पाना धरता येणारा एकटाच मी, त्यामुळे ती माझ्या गळ्यात पडली. (गंगापूर धरणावरचा बोट क्लब सगळ्यांना माहीत आहे, दाजींचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यांचं काम दुसऱ्या एका बॅकवॉटरला चालतं. परवानगीचं वगैरे तेच बघतात, मला विचारू नका.)

जेट बोट म्हणजे खाली पंखा नसतो. बोटीच्या पोटातून पाणी ओढायचं, पंपातून दाबून मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, की बोट पुढं. वळवायला सुकाणू नाही, तोंडच डावी-उजवीकडं वळतं, आणि रिव्हर्सला त्या तोंडासमोर एक बादली खाली येते आणि धार उलटी पुढं वळवते. म्हणून थ्रॉटल सोडला की बोट वळत पण नाही, हे नवीन माणसाला कळत नाही आणि तो थेट काठावर जातो. फायदा असा की एप्रिल-मेमधे बॅकवॉटर आटून गुडघाभर राहतं तिथंही ही चालते, खाली घासायला काही नाही. हे प्रकरण निघालं न्यूझीलंडमधे, तिकडच्या उथळ गोट्यागोट्यांच्या नद्यांसाठी, १९५० च्या दशकात, आणि काढणारा बिल हॅमिल्टन म्हणजे मेंढ्या पाळणारा शेतकरीच माणूस. १९७७ ला एडमंड हिलरी असल्याच बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेतून उलटे वर वर नंदप्रयागपर्यंत गेले होते. आपण नाशिकवाले गोदावरीलाच गंगा म्हणतो, त्यामुळे दाजी ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

तर झालं काय, दिवाळीनंतर बोट मरगळली. इंजिन बोंबलतंय, आरपीएमचा काटा वर, आणि बोट म्हशीसारखी बसलेली, उठतच नाही. वर मागून खर्रर्र असा आवाज. मोनोब्लॉकनं हवा धरली की मोटर मोकळी पळते आणि पाइपातून पाणी येत नाही ना, अगदी तसंच. दाजी म्हणाले इंजिन गेलं. मी म्हणलं इंजिन मस्त पळतंय, त्याचा जोर पाण्यापर्यंत पोचत नाही, पंप बघू.

मुंबईच्या एका सर्व्हिसवाल्यांना फोन केला (नाव नको). ते म्हणे बोट ट्रेलरवर टाकून इकडं आणा, तीन आठवडे लागतील, आणि न बघताच साठ-पासष्ट हजारांचा आकडा सांगितला. बरं, नक्की काय करणार विचारलं तर "सर्व्हिस". म्हणून मग ऑनलाइन पंप रिपेअर किट मागवलं, ११,४०० ला. आत दोन बेअरिंग, सील, ओ-रिंगा, सर्क्लिप, ग्रीसची एक छोटी ट्यूब आणि इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढायचं टूल. हा रिव्ह्यू मुळात त्या किटचाच लिहायला बसलो होतो पण किट राहिलं बाजूला, काय ते पुढं कळेलच.

खोलायचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं, एक बोल्ट सोडला तर. बोट ट्रेलरवर, चाकाला दगड, बॅटरीची वायर काढलेली. आधी खालची जाळी काढली तर आत काय काय! जलपर्णीची मुळं, खताच्या गोणीचे धागे, आणि शाफ्टला कोळ्यांच्या जाळ्याचा नायलॉन असा आवळून बसलेला की ब्लेडनं कापत कापत अर्धा तास गेला. निम्मा आजार तिथंच सापडला असं वाटलं, पण नाही. मग स्टिअरिंगची केबल, बादलीची केबल, पाण्याचे होज. केबलचं टोक सोडताना ते किती आटे आत होतं ते मोजून ठेवा, नाहीतर नंतर स्टिअरिंग सरळ धरलं तरी बोट तिरकी जाईल. मी प्रत्येक स्टेपला मोबाइलवर फोटो काढले आणि त्याच फोटोंनी नंतर वाचवलं.

पंप चार बोल्टवर आहे. तीन निघाले, चौथा जाम. बोट आधी खाऱ्या पाण्यात चाललेली, त्यात पंपाची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेसचा, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे ॲल्युमिनियम कुरतडलं जातं आणि त्याची पांढरी भुकटी बोल्टला सिमेंटसारखी धरते. दाजी म्हणाले पाइप लावून जोर मार. जोर मारला असता तर बोल्ट तुटून निम्मा आत राहिला असता, हे मला मोनोब्लॉकच्या अनुभवावरून पक्कं माहीत. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवला, सकाळी हीट गनची शेक दिली, थोडा पुढं थोडा मागं करत दुपारपर्यंत बाहेर आला. आख्खा. त्या दिवशी मी जेवताना दोनदा सांगितलं घरी.

पंप बाहेर काढून टेबलवर ठेवला आणि इंपेलर हातानं फिरवला तर बेअरिंग खडखड. ग्रीस दुधाळ झालेलं, म्हणजे सील केव्हाच गेलेलं आणि पाणी आत. इथपर्यंत मी खूष, म्हणलं बेअरिंग बदलू, सील बदलू, संपला विषय.

मग आलं ते टूल.

इंपेलर आतल्या छोट्या शाफ्टवर आट्यांनी बसलेला असतो. किटमधलं टूल म्हणजे दातेरी दांडा, तो इंपेलरच्या आतल्या खाचांत घालायचा आणि वर पाना लावून फिरवायचा. किटसोबत इंग्रजीत एक पान होतं, त्यावर टूलचा फोटो आणि बाण. बाण डावीकडं, म्हणजे नेहमीसारखं डावीकडं फिरवून सोडा. मी आणि दाजींचा पोरगा असे दोघं लोंबकळलो पण इंपेलर इंचभर हलेना, टूलचे दोन दाते मात्र वाकले. दुसऱ्या दिवशी मॅन्युअलची पीडीएफ शोधली तर आमच्या पंपाला उलटे आटे! म्हणजे आम्ही दिवसभर तो सोडत नव्हतो, आवळत होतो. काही पंपांना सरळ असतात काहींना उलटे, त्यामुळे तुमच्या पंपाचं मॅन्युअल बघितल्याशिवाय पान्याला हात लावू नका. किटवाल्यांना मेसेज केला तर उत्तर आलं की हे किट बऱ्याच मॉडेलला चालतं, म्हणून पान कॉमन आहे. अहो मग बाण कशाला छापता?

आता वाकलेलं टूल आणि दुप्पट आवळलेला इंपेलर घेऊन मी गेलो ओझरला. तिथं एक काका आहेत, एचएएलमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. मिग विमानांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली आणि आता शेडमधे एक लेथ, एक प्रेस, एक वेल्डिंग सेट, गिऱ्हाइक सगळे ब्लोअरवाले आणि स्लरीपंपवाले. आमच्या एचटीपीचं काम तेच करतात. बोटीचा पंप त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता. पाच मिनिटं नुसता हातात धरून फिरवला, आणि म्हणाले, "पंपच आहे की रे हा. पाणी पुढनं घेतो, मागनं फेकतो. घाबरलास कशाला?"

मग त्यांनी जे केलं ते मी करायला हवं होतं. काही सोडायच्या आधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन इंपेलरच्या पात्याचं टोक आणि बाहेरची भिंत यातली फट मोजली, तिन्ही पात्यांना, फिरवून फिरवून, आणि खडूनं टेबलवरच आकडे लिहिले. कुठं ०.५ मिलिमीटर, कुठं ०.९. पीडीएफमधे बघितलं तर लिमिटच्या बाहेर. म्हणजे मी नुसतं बेअरिंग-सील बदलून पंप परत बसवला असता तर खडखड गेली असती पण बोट उठली नसतीच, कारण पाणी पात्याच्या कडेनं परत मागं निसटत होतं. शिवाय पात्यांच्या पुढच्या कडेला गोट्यांनी खाचा पडलेल्या. अशा खाचेमागं पाण्याचा दाब इतका पडतो की पाणी गार असतानाच त्याची वाफ होते, बुडबुडे तयार होतात आणि पुढं जाऊन फुटतात. तो खर्रर्र आवाज त्याचाच पण होता, एकट्या बेअरिंगचा नाही.

इंपेलर सोडायला त्यांनी माझं टूल बाजूला ठेवलं, स्वतःच्या भंगारातून एक शाफ्ट काढला, संध्याकाळपर्यंत त्याला दाते पाडले, आणि दुसऱ्या दिवशी पंप व्हाइसमधे धरून (जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून, ओरखडा नको म्हणून) उजवीकडं एक झटका. सुटला. मी दोन दिवस काय करत होतो असं वाटलं.

पात्यांच्या कडा टिग वेल्डिंगनं भरल्या, लेथवर टर्न केल्या, मग दोन धारांवर ठेवून बॅलन्स बघितला, जड बाजू खाली येते ती थोडी थोडी घासायची. यात आख्खा एक दिवस गेला आणि तो दिवस मी तिथं स्टुलावर बसून बघितला, कारण निघवेना. बाहेरची भिंत चांगली होती, बारीक ओरखडे होते ते राहू दिले. शेवटी फट सगळीकडून जवळपास सारखी, ०.४ च्या आसपास.

किटमधल्या बेअरिंगवर ना कंपनीचं नाव ना धड नंबर. काकांनी जुन्याचा नंबर वाचला आणि मला सातपूरला पिटाळलं, एसकेएफचे दोन घेऊन आलो. सील मात्र किटचीच वापरली, ती बरी होती. एक मी बसवलं, उलटं बसवलं. ओठ पाण्याकडं हवा, मी ग्रीसकडं केला. काकांनी काही न बोलता काढायला लावलं, आणि काढलेलं सील परत वापरता येत नाही, ते गेलं. नशीब किटमधे एक जास्तीचं होतं, अडीच स्टारमधला अर्धा त्याचा. पॅक केल्यावर सायकलच्या पंपानं आत थोडी हवा भरून साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही म्हणजे सील धरलंय.

बसवायचं काम मी घरी केलं. शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस, बोल्टला अँटिसीझ, म्हणजे पुढच्या वेळेस हीट गन नको. पंप आणि बोटीच्या मधल्या जोडाला सीलंट नीट भरा, तिथून हवा ओढली तर पहिल्यापासून सगळं परत. आणि एक जाता जाता सांगतो कारण दाजींनी हेच केलं असतं: कोरड्यावर इंजिन लावून बघू नका. इंजिन गार करायचं पाणी याच पंपातून येतं. पाइप लावून फ्लश करायचा असेल तर आधी इंजिन चालू मग नळ, बंद करताना आधी नळ बंद मग इंजिन, नाहीतर पाणी उलटं इंजिनमधे जातं.

रविवारी पाण्यात सोडली. पहिल्याच थ्रॉटलला बोट उठली, दाजींची टोपी गेली पाण्यात ती मिळाली नाही.

हिशोब असा: किट ११,४००, बेअरिंग वेगळे, काकांनी टूल, वेल्डिंग, टर्निंग, बॅलन्सिंग सगळ्याचे मिळून ४,२०० घेतले आणि ते टूल मलाच दिलं. हे काम पुन्हा करायची वेळ आली तर मी किट घेणार नाही, मॅन्युअल बघून बेअरिंग आणि सील सुटे घेईन. काकांना पाचपेक्षा जास्त स्टार देता येत नाहीत. एकच तक्रार, फोन उचलत नाहीत.

नाव-नंबर टाकू नको म्हणून त्यांनीच बजावलंय, छाटणीच्या सीझनला ब्लोअरची लाइन लागते आणि वर बोटी कुठं घेऊ म्हणतात. पण ओझरमधे ब्लोअरवाल्या कुणालाही मिगवाले काका विचारा, शेड दाखवतील. सकाळी नऊच्या आत जा, आणि पंप धुऊन न्या. चिखलाचा पंप ते टेबलला लावू देत नाहीत, मला गेटवरूनच परत पाठवलं होतं नळाकडं.