आठ महिने भिंतीवर असलेला नकाशा आणि दोन इप्सिलांतिस भाऊ : वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव मुद्दाम उशिरा लिहितो आहे. नकाशा घरी आला त्या आठवड्यात लिहिला असता तर छपाईचं आणि रंगांचं कौतुक करून मोकळा झालो असतो. आता तो आठ महिने बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला. रोज बघून त्याचे गुण कळले, आणि जे दोष कळायला वेळ लागतो तेही कळले.

नकाशा दक्षिणपूर्व युरोपचा, १८१५ ते १८३० या काळातला. साडेतीन फूट उंच, तीन फूट रुंद, एक सेंटिमीटरला पंधरा किलोमीटर हे प्रमाण. उजवीकडे कडेला उभी कालरेषा छापली आहे. किंमत २,८०० रुपये, म्हणजे थोडी नाही. घेतला तो ग्रीकांच्या ऑटोमन सत्तेविरुद्धच्या उठावासाठी, आणि त्यातही इप्सिलांतिस घराण्यातल्या भावांसाठी. वर्षभर त्यांच्याविषयी वाचत होतो, पण प्रूत नदी कुठे आणि नाफ्प्लियो कुठे हे डोळ्यांसमोर येत नव्हतं. नावं पाठ होती, जागा नव्हत्या.

आधी वस्तूबद्दल. कागद जाड, वर मंद चमकेचं लॅमिनेशन. मार्करने लिहिलेलं ओल्या फडक्याने पुसलं जातं, डाग राहत नाही. सुरळीत गुंडाळून आल्यामुळे घडी पडली नव्हती. मात्र दोन दिवस वजनाखाली ठेवावा लागला. जुलैत खालचा डावा कोपरा दमट हवेने सुटून वळला, तिथे चिकटपट्टी लावली. मी तो सॉफ्टबोर्डवर लावला आहे, म्हणून टाचण्या टोचता येतात. नुसत्या भिंतीवर लावणार असाल तर निम्मा उपयोग गेला असं समजा.

रंग मला अजून आवडतात. कार्पेथियन पर्वत गडद तपकिरी, डॅन्यूबचं खोरं फिकट हिरवं, दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीझ द्वीपकल्पाचे डोंगर हाताला लागतील असे उठून दिसतात. या एका गोष्टीने माझी उठावाविषयीची समजूत बदलली, ती कशी ते पुढे सांगतो.

थोरला भाऊ अलेक्झांद्रोस, जन्म १७९२, इस्तंबूलच्या फनारियोत, म्हणजे ऑटोमन दरबारात वजन असलेल्या श्रीमंत ग्रीक, घराण्यातला. आजोबा आणि वडील दोघेही वालाचियाच्या, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाच्या, गादीवर बसलेले. पुढे वडील कुटुंबासह रशियात गेले. अलेक्झांद्रोस रशियन सैन्यात शिरला, १८१३ साली ड्रेस्डेनच्या लढाईत उजवा हात गमावला, पुढे झारचा लष्करी साहाय्यक अधिकारी झाला. ओडेसात १८१४ साली तिघा ग्रीकांनी स्थापन केलेल्या फिलिकी एतेरिया या गुप्त संघटनेने आधी झारचा ग्रीक परराष्ट्रमंत्री कापोदिस्त्रियास याला नेतृत्व देऊ केलं, त्याने नाकारलं, आणि १८२० च्या एप्रिलमध्ये ते अलेक्झांद्रोसकडे आलं. १८२१ च्या मार्चमध्ये त्याने रशियाच्या सरहद्दीवरची प्रूत नदी ओलांडली, निकोलाओस आणि योर्गिओस हे भाऊ सोबत घेऊन. नकाशावर हा प्रवास जाड लाल बाणाने दाखवला आहे : प्रूत, यासी, फोक्शानी, बुखारेस्ट, तिथून पश्चिमेला द्रागाशानी. नदीपासून द्रागाशानीपर्यंत सरळ रेषेत मोजलं तर सव्वीस सेंटिमीटर.

या सव्वीस सेंटिमीटरांत किती काही घडलं! फोक्शानीला विद्यार्थ्यांची ‘पवित्र तुकडी’ उभी राहिली, साधारण पाचशे तरुण, काळा गणवेश, टोपीवर कवटी आणि हाडं. जाहीरनाम्यात एका बलाढ्य सत्तेच्या पाठिंब्याची आशा दाखवली होती. वाचणाऱ्याला रशियाच आठवावा अशी. पण झार तेव्हा ल्युब्लियानाच्या परिषदेत होता आणि त्याने तिथूनच हात झटकले. स्थानिक उठावाचा नेता तुदोर व्लादिमिरेस्कु याच्याशी फाटलं, आणि जूनमध्ये इप्सिलांतिसच्या माणसांनी त्याला पकडून ठार केलं. मग १९ जूनला द्रागाशानीत एका सरदाराने हुकमाची वाट न पाहता हल्ला केला, घोडदळ पळालं आणि पवित्र तुकडी कापली गेली. योर्गाकिस ओलिंपिओस या ग्रीक सरदाराने धावून जाऊन उरलेल्यांना आणि निशाणाला सोडवलं. त्या तुकडीचा प्रमुख सोबत आलेला भाऊ निकोलाओस होता. अलेक्झांद्रोस सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेला आणि तिथे कैद झाला.

आता मूळ तक्रार. या नकाशावर थोरल्याला जाड बाण आहे, शीर्षकातल्या दुसऱ्या भावाला, धाकट्या दिमित्रिओसला, बाणच नाही. कालरेषेवरही त्याचं नाव एकदाच येतं, १८२९ साली. अलेक्झांद्रोसची मोहीम चार महिन्यांत संपली. दिमित्रिओस आठ वर्षं लढला. नकाशा करणाऱ्यांनी सुरुवात कोणी केली एवढंच पाहिलं, पुढे काय झालं ते पाहिलं नाही. दुसऱ्या महिन्यात मी शिवणाच्या डब्यातून दोन दोरे काढले. लाल बाणावर तांबडा, आणि दिमित्रिओससाठी निळा.

निळा दोरा लावताना भाची शेजारी उभी होती. आठवीत आहे. तिने विचारलं, “मामा, हे दोघे एकाच ठिकाणी का नाही गेले?”

हा प्रश्न मला वर्षभर वाचून पडला नव्हता. शोधत गेलो तेव्हा कळलं की मुळात बेत वेगळाच होता. १८२० च्या ऑक्टोबरमध्ये डॅन्यूबकाठच्या इस्माइल गावी जी बैठक झाली तिच्यात ठरलं होतं की अलेक्झांद्रोसने त्रिएस्ते या ऑस्ट्रियाच्या बंदरामार्गे पेलोपोनीझला जावं आणि उठाव तिथे सुरू करावा. नंतर त्याने विचार बदलला आणि मोल्दाविया आणि वालाचिया ही डॅन्यूबकाठची संस्थानं निवडली. त्रिएस्तेची वाट मग धाकट्याच्या वाट्याला आली. दिमित्रिओस किशिनेवहून निघाला, वेश बदलून ऑस्ट्रियाच्या मुलखातून त्रिएस्तेला पोहोचला, आणि जहाजाने ग्रीसच्या इद्रा बेटावर उतरला. तेही त्याच जून महिन्यात, ज्यात द्रागाशानी झालं. निळा दोरा खरं तर थोरल्या भावासाठी आखलेल्या रस्त्यावरून जातो. झारने जिथून हात झटकले ते ल्युब्लियाना आणि त्रिएस्ते यांत नकाशावर पाच सेंटिमीटरही नाहीत. हे कळलं त्या संध्याकाळी भाचीला आणि मला दोघांनाही गप्प बसवलं त्या दोऱ्याने.

मग अलेक्झांद्रोसने संस्थानं का निवडली? इथे नकाशाची दुसरी चूक आड येते आणि ती मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते. मोल्दाविया आणि वालाचिया बाकीच्या ऑटोमन साम्राज्याच्याच रंगात रंगवले आहेत. प्रत्यक्षात ती मांडलिक राज्यं होती, इस्तंबूलहून नेमलेले फनारियोत राजे तिथे बसत, आणि रशियाशी झालेल्या तहांमुळे सुलतानाला रशियाच्या संमतीवाचून तिथे फौज घालता येत नव्हती. अलेक्झांद्रोसचा सगळा हिशेब या कलमावर उभा होता : तुर्की सैन्य आलं तर रशिया येईल, आणि नाही आलं तर मोकळं मैदान. शिवाय सुलतानाची मोठी फौज तेव्हा यानिनाच्या बंडखोर अली पाशाविरुद्ध गुंतलेली होती. मी दोन्ही संस्थानांवर हिरव्या मार्करने तिरप्या रेषा मारल्या आणि तो हिशेब लगेच दिसायला लागला.

हिशेबात माणसं मात्र धरली नव्हती. तिथल्या शेतकऱ्याला सुलतानापेक्षा फनारियोत राजाच्या करवसुलीचा जाच जास्त जवळचा होता. इप्सिलांतिस हे नाव त्यांच्यासाठी त्याच राज्यकर्त्यांतलं. परक्या मातीत, सपाट खोऱ्यात, न येणाऱ्या मदतीच्या भरवशावर केलेला उठाव किती टिकणार? नकाशावरचा फिकट हिरवा रंग पाहिला की मला हेच दिसतं. पेलोपोनीझच्या तपकिरी गाठींकडे पाहिलं की उलटं दिसतं : खिंडी, उंचावरची पठारं, जवळजवळ सगळ्या बाजूंना समुद्र, आणि वस्तीत बहुसंख्य ग्रीक शेतकरी. द्रागाशानीहून पेलोपोनीझच्या मध्यावरच्या त्रिपोलीपर्यंत सरळ मोजलं तर चोपन्न सेंटिमीटर, एक हातभर अंतर. त्या हातभर अंतरात उठावाचं नशीब बदललं.

दक्षिणेकडे आल्यावर हा नकाशा कमी पडतो. अख्खा पेलोपोनीझ त्यात वीतभरसुद्धा नाही, आणि दिमित्रिओसची बहुतेक लढाई तिथेच झाली. आर्गोस आणि नाफ्प्लियोची नावं एकमेकांवर चढली आहेत. त्रिपोलित्साला फक्त आजचं ‘त्रिपोली’ हे नाव दिलं आहे. ऐतिहासिक नकाशात हे चालायला नको. शेवटी चौथ्या महिन्यात पेलोपोनीझचा वेगळा नकाशा घेतला, एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. त्यावर निळा दोरा फिरायला जागा मिळाली.

आर्गोसची गोष्ट त्या दुसऱ्या नकाशावर बोट ठेवून सांगावी अशी आहे. १८२२ च्या जुलैमध्ये ऑटोमन सेनापती द्रामाली पाशा वीस हजारांहून मोठी फौज घेऊन कोरिंथहून खाली उतरला. ग्रीक सरकार जहाजांवर चढून निघून गेलं. दिमित्रिओस मात्र आर्गोसच्या डोंगरावरच्या जुन्या लारिसा किल्ल्यात काहीशे लोकांनिशी शिरला आणि काही दिवस फौजेला खाली अडकवून ठेवलं. एवढ्या दिवसांत ग्रीक सेनापती कोलोकोत्रोनिसने माणसं जमवली, मैदानातली पिकं जाळली गेली, उन्हाळ्यात विहिरी आटल्या होत्याच. उपाशी फौज कोरिंथकडे परत फिरली ती देर्वेनाकियाच्या खिंडीत सापडली. नकाशावर ती खिंड म्हणजे दोन तपकिरी सुरकुत्यांमधली चीर आहे. पुस्तकात ‘अरुंद खिंड’ दहा वेळा वाचली होती, पण फौजेला दुसरा रस्ता का सुचला नसेल हे चीर पाहिल्यावर समजलं.

लेर्नाच्या गिरण्याही तशाच. १८२५ च्या जूनमध्ये सुलतानाच्या मदतीला आलेली इब्राहिम पाशाची इजिप्शियन फौज नाफ्प्लियोच्या तोंडाशी आली. खाडीच्या पलीकडे, नाफ्प्लियोपासून नकाशावर जेमतेम तीन सेंटिमीटरवर, पिठाच्या गिरण्या आणि धान्याची कोठारं होती. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे दलदल. दिमित्रिओस आणि ग्रीक सरदार माक्रियानिस यांनी काहीशे माणसांनी ती जागा धरली आणि इब्राहिम मागे फिरला. मोठ्या नकाशात हे ठिकाण नाहीच.

त्रिपोलित्साबद्दल स्पष्ट लिहितो. १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये शहर ग्रीकांच्या हाती पडल्यावर आत हजारो मुस्लिम आणि ज्यू मारले गेले, बायकामुलांसकट. दिमित्रिओस तेव्हा उत्तरेकडे कोरिंथच्या आखातावर गेला होता. शिस्तबद्ध सैन्याचा आग्रह धरणारा तो माणूस ऐनवेळी तिथे नव्हता. असता तर थांबवू शकला असता का, हे मला सांगता येत नाही. त्याचं ऐकणारे तिथे थोडे होते. या नकाशावर इस्तंबूलला ग्रीक चर्चचा प्रमुख धर्मगुरू ग्रेगोरिओस याला फाशी दिल्याची खूण आहे आणि ती हवीच. पण त्रिपोलित्साची खूण नाही, थोरल्या भावाच्या मोहिमेत गालात्स आणि यासीला तुर्कांची कत्तल झाली तिचीही नाही. मी तिन्ही ठिकाणी काळ्या टाचण्या लावल्या. भाचीला त्या समजावणं सोपं गेलं नाही, तरी समजावल्या.

कालरेषेविषयी एक सूचना, विकत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. तिच्यात जुन्या आणि नव्या पंचांगाच्या तारखा मिसळल्या आहेत. त्या काळी दोन्हींत बारा दिवसांचा फरक. प्रूत ओलांडल्याची तारीख २२ फेब्रुवारी दिली आहे ती जुनी. नवी ६ मार्च. खाली द्रागाशानीची १९ जून ही नवी. त्यामुळे मधलं अंतर बारा दिवसांनी चुकतं. मी प्रत्येक तारखेपुढे दुसरी लिहून ठेवली, एक रविवार त्यात गेला.

ग्रीसमधलं पेत्रा मात्र मोठ्या नकाशात आहे, थीब्ज आणि लिवादियाच्या मध्ये, बारीक अक्षरात. तिथे २४ सप्टेंबर १८२९ ला, आता ग्रीसचा शासनप्रमुख असलेल्या कापोदिस्त्रियासने सेनापती केलेल्या दिमित्रिओसने उत्तरेकडे परतणाऱ्या ऑटोमन फौजेची वाट अडवली. सुरक्षित वाट मिळावी म्हणून त्या फौजेने लिवादियापासून स्पेर्खिओस नदीपर्यंतचा मुलूख सोडून दिला. युद्धाची ही शेवटची लढाई. थोरल्याने प्रूतवर सुरू केलेलं धाकट्याने पेत्राला संपवलं. मधल्या काळात त्याला स्वकीयांकडूनही त्रास झाला होता : १८२६ साली ब्रिटनकडे मध्यस्थी मागायला त्याने जाहीर विरोध केला म्हणून त्याचे अधिकार काढून घेतले होते. तरी तो परत आला आणि लढला. १८३२ च्या ऑगस्टमध्ये नाफ्प्लियोला वारला तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. माझ्या लेखी या घराण्यातलं पहिलं नाव त्याचं.

घ्यावा का? इतिहास शिकवणाऱ्यांनी, घरी वाचणारी मुलं असलेल्यांनी जरूर घ्यावा, पण सॉफ्टबोर्ड, दोरा, मार्कर आणि पेलोपोनीझचा वेगळा नकाशा यांचा खर्च धरून. तयार उत्तरं हवी असतील त्यांना तो अपुरा वाटेल.

तांबड्या दोऱ्याचं एक राहिलं. अलेक्झांद्रोसला आधी मुंकाच्च्या, म्हणजे आजच्या मुकाचेवोच्या किल्ल्यात ठेवलं, १८२३ नंतर तेरेझिनच्या. मुकाचेवो नकाशाच्या वरच्या कडेला कसंबसं आहे. तेरेझिन कडेच्या वर, नकाशाबाहेर येतं, म्हणून ती टाचणी बोर्डाच्या कोऱ्या भागात लावली आहे. १८२७ साली सुटका झाली, आणि पुढच्या जानेवारीत व्हिएन्नाला तो वारला. दोघा भावांची पुन्हा भेट झाली नाही. आपलं हृदय ग्रीसला न्यावं अशी त्याची इच्छा होती, ते अथेन्सला नेलं गेलं. बाकीचे अवशेष १९६४ साली तिथे पोहोचले.

हे सांगितल्यावर भाचीने गुंडीवरचा उरलेला तांबडा दोरा व्हिएन्नाच्या टाचणीला बांधला आणि अथेन्सपर्यंत ओढला. निळा नाफ्प्लियोला थांबलेला आहे. दोन टाचण्यांमध्ये आता सहा सेंटिमीटर अंतर आहे.