काठिण्य मास्टरने ठरवावं की नियमांनी?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या (रोल-प्लेइंग) खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत खेळाडू म्हणतो, "मी भिंतीवर चढतो." फासा टाकायचा का आणि काठिण्य, म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, किती, हे खेळ चालवणारा डन्जन मास्टर ठरवतो: सोपं १०, मध्यम १५, कठीण २०. त्याची खरी सत्ता इथेच आहे. फाशाच्या आकड्यात ५ मिळवणाऱ्या (+५) पात्राला वीस बाजूंच्या फाशावर १५ गाठण्याची शक्यता ५५ टक्के; आकडा २० केला की ३० टक्के. फासा पडल्यावर आकडा ठरवला, तर खेळाडूच्या निवडीला अर्थच उरत नाही. काठिण्य आणि अपयशाचा परिणाम आधी सांगावा, मगच फासा टाकू द्यावा.

२०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या तशाच खेळात आकडे पक्के असतात. सहा बाजूंचे दोन फासे अधिक पात्राचा गुण: १० किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे बहुतेकदा किंमत मोजून यश, ६ किंवा कमी म्हणजे सूत्रधाराची (इथल्या मास्टरची) चाल. सूत्रधार स्वतः फासे टाकत नाही. सत्ता जात नाही, परिणाम सुचवण्याकडे सरकते. +१ असताना ७ ते ९ची शक्यता सुमारे ४४ टक्के, त्यामुळे सतत नवी किंमत सुचवावी लागते. दमलेला सूत्रधार "तुला जखम झाली" एवढंच म्हणत राहतो आणि खेळ शिळा होतो. प्रत्येक प्रसंगाआधी तीन-चार किमती लिहून ठेवाव्यात: हत्यार हरवणं, आवाज होणं, साथीदार अडकणं.

लढाईच्या डावपेचांत रमणाऱ्या गटाला पहिली पद्धत मानवते. मास्टरवर अजून विश्वास बसलेला नसेल, तर दुसरीच घ्यावी.